अकरा सह्यांचं वर्तुळ

आमच्या मुंगीला अंगाईपेक्षा बेरीज आवडते. सात महिन्यांची आहे, पण दूध पिताना कानाशी ‘आठ नि सात पंधरा, हातचा एक’ असं पुटपुटलं की तिच्या मुठी सैल पडतात. दोष माझाच. ती पोटात होती तेव्हापासून तिच्या कानावर दुसरं काही पडलेलंच नाही.

मी परिषदेच्या सचिवालयात जुळणीचं काम करते, म्हणजे सगळ्यांचे मसुदे आणि आकडे एकत्र लावून टाइप करते. परिषद अकरा देशांची. सीमेवरच्या एका छावणीत चार हजार सहाशे सदतीस निर्वासित होते, छावणी वर्षअखेरीस बंद व्हायची होती, आणि तिथल्या माणसांची जबाबदारी या अकरा देशांनी वाटून घ्यायची होती. कोणी किती घ्यायचे, यावर वर्षभर घोळ चालला होता. लोकसंख्या बघायची की उत्पन्न? जवळच्याने जास्त घ्यायचे की लांबच्याने? मागे घेतलेले मोजायचे की सोडून द्यायचे? त्यांनी भांडायचं, मी तक्ता करायचा. पुन्हा भांडले की पुन्हा तक्ता. मधल्या काळात मी बाळंत होऊन, रजा संपवून परत आले, तरी ते त्याच पानावर होते.

शेवटी एकदाचं जुळलं. त्या सकाळी नऊ वाजता अंतिम मसुदा अकराही देशांच्या प्रतिनिधींना गेला आणि मौन सुरू झालं. ही आमच्याकडची शेवटची पायरी. मसुदा पाठवायचा, मुदत द्यायची. मुदतीत कोणी लेखी हरकत घेतली नाही तर तो सगळ्यांना मान्य. मुदत होती दुपारी तीनपर्यंत. एकाने जरी मौन मोडलं, तरी करार परत पहिल्या पानापासून. त्यामुळे त्या दिवशी इमारतीत लोक खोकतानासुद्धा आजूबाजूला बघत होते.

अकरा वाजता मी अभ्यागतांच्या खोलीत गेले. मुंगीची ती वेळ. सासूबाई तिला घेऊन येतात. खिडकीजवळचा हिरवा सोफा आता आमचाच झाला आहे. आईंनी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्या त्या शाळेतून, गणितातून नव्हे.

मुंगीला पदराखाली घेतलं आणि मोकळ्या हाताने फाइलमधला तक्ता काढला. बघायची गरज नव्हती. तक्ता वरच्या मजल्यावर ठरला होता, मी फक्त टाइप केला होता, खाली ‘एकूण’ची ओळ आधीपासून होती. पण मुंगीला झोपवायचं तर काहीतरी मिळवायला हवंच. मी एकेका देशाचा आकडा कुजबुजत खाली आले आणि थांबले.

‘‘काय गं?’’ आईंनी विचारलं.

‘‘चार हजार पाचशे नव्वद येतायत.’’

‘‘मग?’’

‘‘छापलंय चार हजार सहाशे सदतीस.’’

आईंनी चष्मा लावला. ‘‘खालून वर कर.’’

केली. तेवढेच आले. मुंगी झोपलीसुद्धा, मला मात्र घाम फुटला.

‘‘सत्तेचाळीस,’’ आई म्हणाल्या. ‘‘भागाकार केला आणि बाकी लिहायची विसरले. तिसरीतली चूक आहे. अर्धे मार्क कापायचे मी.’’

चूक कशी झाली ते मला त्याच क्षणी दिसलं. तीन दिवसांपूर्वी अध्यक्षबाईंनी सगळ्यांना सांगितलं होतं, सूत्राप्रमाणे आलेला आकडा प्रत्येकाने पूर्ण दहात करून द्यावा. मंत्र्यांना वर्तमानपत्रांत सांगायला गोल आकडे बरे पडतात. वर करा की खाली, ते त्या बोलल्या नाहीत. कसलेले लोक ते, एकेका शब्दाला वर्षभर झुंजलेले. प्रत्येकाला वाटलं, आपण खाली केला तर दुसरा कोणीतरी वर करेल. अकराच्या अकरा जणांनी खाली केला. एखाद्या साध्या दुकानदाराच्या हातून ही चूक झाली नसती.

आणि ते सत्तेचाळीस कोण, तेही मला माहीत होतं. वाटप यादीच्या क्रमाने होतं, एका देशाचा आकडा भरला की पुढची नावं पुढच्या देशाला, आणि यादी छावणीत आल्याच्या क्रमाने. ती यादी मी केली होती, छावणीतल्या पत्र्याच्या खोलीत बसून, मुंगी पोटात, तिसरा महिना असताना. उलट्यांसाठी बादली टेबलाखालीच ठेवलेली. नोंदणी बंद करायच्या दिवशी एक बस आली. समोरची काच नव्हती, आत बावन्न माणसं. चालकाने दारात उभं राहून एकेकाला उतरवलं, सगळ्यांची नावं लिहून झाली तसा शेवटी स्वतः रांगेत आला. चार हजार सहाशे सदतीस म्हणजे तो.

म्हणजे रेघ त्या बसमधूनच गेली होती. पहिले पाच अलीकडे, बाकीचे सत्तेचाळीस पलीकडे, कुठल्याच देशात नाहीत. चार हजार पाचशे नव्वदावी एक शिवणकाम करणारी बाई होती. एक्क्याण्णव आणि ब्याण्णव तिच्या मुली.

मुंगीला आईंच्या मांडीवर दिलं आणि मी धावले.

सचिवसाहेब जिन्याखाली चहाच्या यंत्रापाशी उभे होते. सलग तिसऱ्या दिवशी तोच कोट. माझं ऐकता ऐकता त्यांचा कप भरून वाहिला.

‘‘जुळणीबाई,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘हे तुम्ही कोणाला बोललात?’’

‘‘सासूबाईंना.’’

‘‘त्या कुठल्या देशाच्या?’’

‘‘आमच्याच घरच्या.’’

‘‘मग ठीक.’’ त्यांनी हात पुसले. ‘‘आता हे मी ऐकलेलं नाही. मौन मोडलं तर काय होईल ठाऊक आहे ना? दोन देश केव्हापासून टपून बसलेत. त्यांना बाहेर पडायला निमित्त हवंय. सत्तेचाळीसांसाठी आपण साडेचार हजार घालवायचे?’’

‘‘मौन नाही मोडायचं, साहेब. शुद्धिपत्र काढायचं. आकडेमोडीची चूक असेल तर सचिवालयाला काढता येतं, नियम बावीस. हरकत धरत नाहीत ती.’’

‘‘अकराही देशांच्या सह्या असतील तर.’’

‘‘हो.’’

‘‘अकरा सह्या.’’ ते हसले, पण त्यात हसू नव्हतं. ‘‘वर्षभरात या लोकांकडून मला चहाच्या वेळेवर सह्या मिळाल्या नाहीत. आणि तुम्ही त्यांना काय सांगणार? माणसं वाढवा?’’

‘‘वाढवायची नाहीत. सूत्राने आलेली, त्यांनीच खोडलेली माणसं परत घ्यायची. कोणाची दोन, कोणाची पाच. एका देशाचा तर एकच माणूस आहे.’’

सचिवसाहेबांनी घड्याळ पाहिलं. मग माझ्याकडे. मग जिन्याच्या वर, जिथे अकरा खोल्यांची अकरा दारं बंद होती.

‘‘अडीचपर्यंत,’’ ते म्हणाले. ‘‘अडीचला अकरा नसल्या तर कागद फाडायचा, आणि आपल्या दोघांना बेरीज येत नाही असं समजायचं.’’

मी शुद्धिपत्र टाइप केलं. अर्धं पान. प्रत्येक देशापुढे सूत्राचा खरा आकडा, खाली खरी बेरीज, त्याखाली सहीच्या अकरा ओळी. बारा वाजता पहिल्या दारावर टकटक केली.

पहिल्या प्रतिनिधीने वाचलं, मान डोलावली, म्हणाले, ‘‘अगदी बरोबर आहे. आणखी कोणी केली सही?’’

‘‘तुम्हीच पहिले.’’

‘‘मग असं करा, एक फेरी मारून या.’’

दुसऱ्या खोलीतल्या बाईंनी तर पेन उघडलं होतं. पहिली ओळ रिकामी दिसली आणि टोपण परत बसलं. ‘‘आमचा देश लहान आहे हो. लहानाने पुढे पुढे केलेलं चांगलं दिसत नाही.’’ तिसरे म्हणाले, आमचा देश मोठा, आम्ही पहिली सही केली तर बाकीच्यांना दबाव वाटेल. चौथ्याने विचारलं, ‘‘शेजाऱ्यांनी काय केलं?’’ कोणाचा सत्तेचाळीसांना नकार नव्हता. नकार होता तो पहिल्या ओळीला. पावणेएक वाजला तरी कागदावर माझ्या बोटांच्या घामाशिवाय काही उमटलं नव्हतं.

एकला मी परत हिरव्या सोफ्यावर आले. मुंगीला जवळ घेतलं आणि मला रडू यायला लागलं. तिला वाटलं हा काहीतरी नवा खेळ आहे. ती माझ्या हनुवटीवरचं पाणी चापटीने उडवायला लागली.

आईंनी कागद मागून घेतला. रिकाम्या ओळी बघितल्या. ‘‘पहिलं कोणी व्हायला तयार नाही ना?’’

‘‘नाही.’’

‘‘आमचा एक मुख्याध्यापक होता. खडूचे तुकडे मोजून द्यायचा. त्याच्याविरुद्ध अर्ज करायचा तर आम्ही नऊ शिक्षक, आणि पहिलं नाव कोणाचं, यावर दोन महिने अडलो. ज्याचं पहिलं त्याची बदली आधी, हे सगळ्यांना ठाऊक. शेवटी आमच्या चित्रकलेच्या बाईंनी काय केलं सांगू?’’ त्यांनी पिशवीतून मुंगीची वाटी काढली, एका कोऱ्या कागदावर पालथी घातली आणि पेन्सिल फिरवली. ‘‘गोल काढला. सह्या गोलाभोवती. आता ओळख पाहू यातली पहिली कुठली.’’

‘‘आणि मुख्याध्यापक?’’

‘‘गेला की. बढतीवर, पण गेला.’’

मी उठलेच. ‘‘अगं, तिचं पोट भरू दे,’’ आई म्हणाल्या, तेव्हा पुन्हा बसले. मुंगीने त्या दिवशी घाई केली नाही. एक डोळा उघडा ठेवून, मध्ये मध्ये थांबून, जगात कुठे काही चाललंच नाहीये अशा थाटात प्यायली. मी तिच्या टाळूवर ओठ टेकून बसले आणि घड्याळाकडे पाहिलं नाही.

सव्वाला शुद्धिपत्र नव्याने छापलं. मजकूर मधोमध, भोवती वर्तुळ, वर्तुळाला अकरा टिंबं.

दुसऱ्या खोलीतल्या बाईंनी कागद हातात घेतला, उलटा केला, आडवा केला आणि खुदकन हसल्या. ‘‘कोणाची कल्पना?’’

‘‘एका शिक्षिकेची.’’

‘‘त्यांना परिषदेत बसवा.’’ त्यांनी सही केली. तीही कुठे, तर खाली उजवीकडे, जिथे कोणाचं लक्ष जाणार नाही.

मग दारं उघडत गेली. मोठ्या देशाने वरच्या बाजूला केली, त्यांना ती पहिली वाटली असावी. चौथ्याने शेजाऱ्यांच्या बरोबर समोर. ज्यांचा एकच माणूस राहिला होता ते गृहस्थ जरा खट्टू झाले. ‘‘एकच? म्हणजे आमचीच चूक सगळ्यात लहान?’’ म्हणत त्यांनी दोनदा खात्री केली आणि मोठी वळणदार सही ठोकली. कोणी मंत्र्याला फोन लावला, कोणी लावल्यासारखं केलं. दोन वाजता दहा सह्या झाल्या. वर्तुळात एकच फट राहिली, पडलेल्या दातासारखी.

ती खोडरबरांची.

हे आम्ही ठेवलेलं नाव. प्रत्येक मसुदा ते पेन्सिल आणि रबर घेऊन वाचत. वर्षभरात त्यांनी ‘यथाशक्य’ खोडलं, ‘सौहार्दपूर्ण’ तीन वेळा खोडलं, एकदा तर प्रस्तावनाच खोडली. मौन कोण मोडेल, यावर कार्यालयात ज्या कुजबुजी चालत त्यात पहिलं नाव त्यांचं असे. आणि सत्तेचाळीसांतले सगळ्यात जास्त, नऊ, त्यांच्याच देशाच्या वाट्याचे होते.

त्यांनी शुद्धिपत्र टेबलावर सपाट केलं आणि वाचलं. परत वाचलं. मी उभीच.

‘‘आमच्या मंत्र्यांनी काल सहाशे चाळीस म्हणून जाहीर केलंय,’’ ते म्हणाले. ‘‘सहाशे एकोणपन्नास नव्हे.’’

‘‘हो, साहेब.’’

‘‘एकही माणूस जास्त नाही, असंही म्हणालेत.’’

‘‘वाचलं मी.’’

‘‘मग इथे का आलात?’’

बसमधल्या माणसांबद्दल सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण त्यांच्या टेबलाकडे लक्ष गेलं. मसुदा उघडा होता, प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीची बारीक रेघ. हा माणूस रडगाण्याने हलणारा नव्हता. ते त्याने खोडून टाकलं असतं.

‘‘पहिलं कलम तुमचं आहे ना, साहेब?’’ मी विचारलं.

‘‘आहे.’’

‘‘त्यात आधी ‘छावणीतील सर्व व्यक्ती’ असं होतं. तुम्ही म्हणालात, सर्व म्हणजे किती? शब्द खोडा, आकडा घाला. दोन दिवस वाद झाला. शेवटी ‘चार हजार सहाशे सदतीस व्यक्ती’ असं झालं. तुमच्या अक्षरातला कागद माझ्याकडे आहे.’’

त्यांनी मसुद्याचं पहिलं पान वर काढलं.

‘‘तीन वाजता हा करार होईल,’’ मी म्हणाले. ‘‘पहिल्या कलमात चार हजार सहाशे सदतीस आणि तक्त्याची खरी बेरीज चार हजार पाचशे नव्वद. उद्या कोणीतरी बेरीज करेल. मग कुठला तरी एक आकडा खोटा ठरेल, आणि लोक म्हणतील की पहिल्या कलमातलाच असणार.’’

खोडरबरांनी मसुद्याचं पान उलटलं. तक्त्यावर पेन्सिल ठेवली आणि बेरीज सुरू केली. तोंडाने नाही, नुसत्या टोकाने, एकेका आकड्यावर टेकत. वरून खाली. मग खालून वर. दाराबाहेर एक लहान मूल रडायला लागलं. आवाज ओळखीचा होता, आई मुंगीला घेऊन माझ्यामागे वर आल्या होत्या. भूक नव्हती, झोप आली होती तिला.

‘‘कोणाचं मूल ते?’’ त्यांनी मान वर न करता विचारलं.

‘‘माझं.’’

‘‘रडतंय.’’

‘‘हो. सही झाली की जाते.’’

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. ‘‘मी हे बघितलं कसं नाही?’’ हे मला नव्हतं, स्वतःलाच होतं. पण इतका उघडा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. ‘‘प्रत्येक शब्द बघितला मी. आणि बेरीज तुमची तुम्ही केली असेल, असं धरून चाललो.’’

‘‘सगळेच धरून चालले, साहेब. मीसुद्धा. अकरा वाजेपर्यंत.’’

त्यांनी फोन उचलला. मी बाहेर जायला निघाले तर हातानेच थांबवलं. मंत्री पलीकडून बराच वेळ बोलत होते. त्यांचा आवाज डब्यात अडकलेल्या माशीसारखा येत होता. खोडरबर ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘‘नाही, साहेब. वाढवत नाही आहोत. नऊ माणसं आपल्याच वाट्याची आहेत, आपण खोडली होती. मी खोडली होती.’’ पलीकडे पुन्हा माशी. ‘‘तर मग कराराखाली माझं नाव नको. दुसरा कोणी पाठवा. अजून चाळीस मिनिटं आहेत.’’

बाहेरचं रडणं थांबलं. आईंनी तिला खांद्यावर घेतलं असणार. पलीकडची माशीही थांबली. मंत्र्यांनी एकच काहीतरी विचारलं.

‘‘हो,’’ खोडरबर म्हणाले. ‘‘वर्तमानपत्रांना मी सांगतो. सहाशे एकोणपन्नास. गोल नाही, पण खरा आहे.’’

फोन ठेवून त्यांनी खिशातलं शाईचं पेन काढलं. पेन्सिल नव्हे. आणि त्या फटीत सही केली, इतकी नेटकी की शेजारच्या दोन्ही सह्यांना धक्का लागला नाही. मग तक्त्यातला ६४० त्यांनी शाईनेच काट मारून ६४९ केला.

दोन वाजून पंचवीस मिनिटांनी मी सचिवसाहेबांच्या हातात कागद दिला. त्यांनी सह्या मोजल्या. गोल असल्यामुळे कुठून सुरू केलं ते विसरले आणि बारा मोजल्या. पुन्हा मोजल्या. ‘‘अकरा,’’ ते म्हणाले आणि खुर्चीत बसले, तशी खुर्चीच दोन इंच मागे सरकली.

तीन वाजायला पाच मिनिटं असताना सगळे सभागृहात आले. मौन पूर्ण होताना हजर राहायचं बंधन नसतं, एरवी कोणी येतही नाही. त्या दिवशी अकराही खुर्च्या भरल्या. शुद्धिपत्र अध्यक्षबाईंच्या पुढ्यात होतं. मी मागच्या भिंतीशी उभी. शेजारी आई, त्यांच्या खांद्यावर मुंगी. अभ्यागतांना आत परवानगी नसते, पण दारावरच्या रक्षकाने आईंना अडवलं तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, ‘‘बाळ, तुझी शाळा कुठली?’’ आणि तो बाजूला झाला.

घड्याळाचा काटा तीनवर आला. कोणी काही बोललं नाही. मी कितीतरी सभा पाहिल्या, पण इतकी माणसं मिळून इतकं चांगलं गप्प बसलेली कधी पाहिली नव्हती.

‘‘हरकत आलेली नाही,’’ अध्यक्षबाई म्हणाल्या. ‘‘करार शुद्धिपत्रासह मान्य झाला. वाचून दाखवते.’’ आणि त्यांनी एकेका देशाचा आकडा वाचला. दोनशे त्रेपन्न. चारशे पंच्याऐंशी. सहाशे एकोणपन्नास. सगळे ओबडधोबड आकडे, एकही गोल नाही. प्रत्येकानंतर त्या देशाचा प्रतिनिधी मान वर करत होता, हजेरी घेतल्यासारखा. ‘‘एकूण चार हजार सहाशे सदतीस.’’ मग त्या थांबल्या आणि मागच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, ‘‘बेरीज तपासलेली आहे.’’

आधी उठले ते खोडरबर. टाळ्या वाजवाव्यात असं त्यांना वाटलं असावं, पण सवय नव्हती, म्हणून नुसते उभे राहिले, हात मांडीला चिकटवून. मग त्यांच्या शेजारचे उठले, मग सगळेच. खुर्च्यांचा जो आवाज झाला तो मला टाळ्यांहून मोठा वाटला. सचिवसाहेब रुमाल शोधत होते, कोटाच्या चारही खिशांत. आई माझ्या कानात म्हणाल्या, ‘‘पूर्ण मार्क.’’ मी त्यांचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

साडेतीनला मी छावणीच्या कचेरीत फोन लावला. तिथला नोंदणी कारकून माझ्या ओळखीचा, एका वाक्यात तीनदा ‘बरं’ म्हणणारा.

‘‘लिहून घ्या,’’ मी म्हणाले. ‘‘चार हजार पाचशे एक्क्याण्णवपासून शेवटपर्यंत. कुठल्या देशात ते सांगते.’’

‘‘बरं. आमच्याकडे सकाळी आलेल्या तक्त्यात हे नव्हते. मी शेवटच्या रांगेतल्या खोल्यांत काही कळवलंच नाही. म्हटलं, काय तोंडाने सांगू?’’

‘‘आता सांगा.’’

‘‘सगळे आहेत? बरं. म्हणजे त्या पोरी आईबरोबरच जाणार?’’

‘‘आईबरोबरच. यादीचं शेपूट शेवटच्या देशाच्या वाट्याचं, त्यामुळे अख्खी बस एकाच देशात जातेय, बावन्नच्या बावन्न. आता लिहा तरी.’’

तो लिहीत गेला, मी सांगत गेले. मग म्हणाला, ‘‘थांबा, बाई, कचेरीत बसून कशाला सांगू? कर्णा बाहेरच आहे. तुम्ही फोन ठेवू नका.’’ त्याने रिसीव्हर खिडकीत ठेवला असावा. वारा ऐकू आला, पत्र्याचा आवाज, लांब कुठेतरी कुत्रं. मग कर्ण्यातून त्याचा आवाज: एक्क्याण्णव, ब्याण्णव, आणि त्या पोरींची नावं. मग एक बाई ओरडली. ते रडणं नव्हतं. पुढचं नाव, आणि आणखी दोन आवाज. पुढचं नाव. रांगेतून पावलं धावत येत होती. नावं जसजशी वाढली तसा गलका वाढत गेला, आणि पंधरा-सोळाच्या पुढे कर्ण्यातलं नाव ऐकूच येईना. तो थांबून पुन्हा वाचायचा, लोक पुन्हा ओरडायचे.

आईंनी खूण केली, मुंगीला आत्ता देऊ का? मी हात पुढे केले आणि रिसीव्हर मान वाकडी करून खांद्याशी धरला.

बऱ्याच वेळाने कारकून धापा टाकत परत आला. ‘‘बाई, ऐकू येतंय का?’’

‘‘येतंय,’’ मी म्हणाले. ‘‘अजून थोडा वेळ तसाच ठेवा.’’